मटार फ्रीजरमध्ये ठेवताना

थंडीत मटार स्वस्त झाला की दोन-चार किलो शेंगा एकदम घ्यायला परवडतात. किलोभर शेंगांतून साधारण साडेचारशे-पाचशे ग्रॅम दाणे निघतात. शेंगा हिरव्यागार आणि भरलेल्या घ्या, पिवळट पडलेल्या नकोत. जून दाणा पिठूळ लागतो, फ्रीजर त्याला कोवळा करत नाही. शेंग तोडल्यापासूनच दाण्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं, तेव्हा सोलायचं काम उद्यावर टाकू नका.

बरेच जण कच्चे दाणेच पिशवीत भरतात. ते गोठतात, पण त्यांच्यातली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात. काही आठवड्यांत रंग उतरतो, गवतासारखा वास येतो. म्हणून उकळत्या पाण्यातून काढायचे. पाव किलो दाण्यांना दोन लिटर पाणी घ्या. पाणी खळखळ उकळलं की दाणे टाका, ते मिनिटभरात पुन्हा उकळलं पाहिजे. नाही उकळलं तर दाणे जास्त झालेत, पुढचा घाणा लहान घ्या. पुन्हा उकळी आल्यापासून घड्याळ लावून दीड मिनिट. अर्धवट उकळणं हे न उकळण्यापेक्षा वाईट, कारण एन्झाइम्स मरण्याऐवजी चेकाळतात. जास्त उकळलं तर सालं सुटतात. सोडा घालू नका, रंग खुलतो पण दाणा गिळगिळीत होतो. मीठ-साखरेचीही गरज नाही.

झाऱ्याने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. नुसतं नळाचं पाणी पुरत नाही, दाणा आतून शिजतच राहतो. दोनेक मिनिटांनी एक दाणा चावून बघा, मध्ये कोमट लागला तर अजून थांबा.

यानंतरची पायरी घाईत हमखास गाळली जाते: वाळवणं. चाळणीत निथळून सुती पंच्यावर पंख्याखाली वीस मिनिटं पसरा. ओल राहिली की बर्फ धरतो आणि पिशवीत विटेसारखा गोळा होतो. कोरडे दाणे ताटात एकेरी थरात दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, सुटे कडक झाले की एका वेळच्या भाजीपुरते पिशव्यांत भरा. हवा दाबून काढा, तारीख लिहा.

उणे 18 अंश टिकत असेल तर आठ-दहा महिने चव राहते. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ते तापमान भरवशाचं नसतं, तिथला मटार दोन-तीन महिन्यांत संपवा. गावाला जाताना वाटीत बर्फ जमवून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर वीज बराच वेळ गेली होती, माल टाकून द्या.

याच रीतीने फरसबी आणि फ्लॉवरचे तुरे तीन मिनिटं, गाजराचे बारीक तुकडे दोन मिनिटं. काकडीच्या वाटेला जाऊ नका, पाणी पाणी होते.

वापरताना वितळवायचं नाही, तसेच फोडणीत टाका. दाणे आधीच अर्धे शिजलेले असतात, उसळीला पाच-सहा मिनिटं पुरतात. बटाटा घालणार असाल तर तो आधी शिजू द्या. करंजीच्या सारणाला मात्र दाणे भरड वाटून पाणी आटेपर्यंत परता, नाहीतर पारी ओली होऊन करंजी तेलात फुटते.