चादरीवरचे गंजाचे डाग: ऑक्झलेट वापरताना या चुका टाळा

पहिली चूक दुकानातच होते. ऑक्झलेट म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार, गंज सोडवायला वापरतात ते. नुसतं ‘ऑक्झलेट द्या’ म्हटलं की सोडियम ऑक्झलेट हातात पडू शकतं. ते उदासीन असतं, 100 मिली पाण्यात जेमतेम 3.7 ग्रॅम विरघळतं आणि गंज काही धड सुटत नाही. डागाला आम्लता लागते, म्हणून ऑक्झॅलिक आम्ल किंवा पोटॅशियम हायड्रोजन ऑक्झलेट घ्या.

प्रमाण सोपं आहे. 1 लिटर पाण्याला 5 ते 10 ग्रॅम आम्ल, 50 ते 60 अंश तापमान, 15-20 मिनिटं. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टेनलेस स्टीलचं. लोखंडी पिंपात आम्ल पिंपच खात बसतं. रंगीत चादरीचा कोपरा आधी तपासा.

खरी गोची पाण्याची. सोलापुरात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. त्यातल्या कॅल्शियमशी ऑक्झलेट जुळलं की पाणी दुधाळ होतं. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा साका. टॉवेलच्या फासांत बसला की कापड खरखरीत होतं आणि साध्या धुण्यानं निघत नाही. मिश्रण आणि पहिली खळबळ, दोन्ही मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यातच करा. मग लिटरला 1-2 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून कापडात उरलेलं आम्ल निष्प्रभ करा आणि पुन्हा मऊ पाण्यातच खळबळा.

डाग गेला म्हणून माल तसाच उन्हात टाकला, तर दोन नुकसानं. सुटलेलं लोह ऑक्झलेटसोबत पाण्यात विरघळलेलं असतं. उन्हात ते मोडून न विरघळणारं पिवळं फेरस ऑक्झलेट उरतं, आणि आपल्याकडच्या उन्हात त्याला वेळ लागत नाही. शिवाय आम्ल उडून जात नाही. कापड वाळतं तसं ते तीव्र होऊन सुताचा दम काढतं.

ब्लीचिंगचा क्रमही उलटा नको. लोह राहिलेल्या कापडाला हायड्रोजन पेरॉक्साइड लागलं की डागाच्या जागी भोकं पडतात. आणि हायपोक्लोराइटचं (क्लोरीनवालं) ब्लीच या आम्लात कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

हे स्फटिक दिसायला साखरेसारखे, पण काही ग्रॅम पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो. रक्तातलं कॅल्शियम उतरतं, मूत्रपिंडं निकामी होतात. पाण्याच्या बाटलीत किंवा चहा-साखरेच्या फडताळात ठेवू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यांत उडालं तर 15 मिनिटं सतत पाणी मारा. गिळलं तर उलटी करवू नका, पुडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

उरलेलं पाणी गटारात सोडण्याआधी चुन्याची निवळी घाला. खाली बसलेला साका वेगळा काढा.