गुप्त यानावर तर्क लढवताय? या चुका टाळा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळातून जळत गेलेला पट्टा विदर्भभर दिसला आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. त्या रात्री "चीननं काहीतरी सोडलं बापा" हे पारावर पक्कं झालं होतं. चीनचं नाव बरोबर निघालं, बाकी सगळं चुकलं. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानं वेळ आणि मार्ग ताडून सांगितलं की तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा टप्पा असावा.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही ठिपका हलला की लोक अमेरिकेच्या एक्स-३७बी यानाचं नाव घेतात. हे माणूस नसलेलं, सुमारे नऊ मीटर लांब, पंखवालं यान. २०१० मध्ये ते पहिल्यांदा गेलं. एका फेरीत तर ९०८ दिवस वर राहिलं. काय करतं, ते अमेरिका पूर्ण सांगत नाही. मग तर्कांना ऊत येणारच.

पहिली चूक म्हणजे यानाचा मार्ग न पाहता त्याचा हेतू ठरवणं. २०१२ मध्ये बोलबाला झाला की हे यान चीनच्या थ्यांगोंग-१ या अंतराळ स्थानकावर नजर ठेवतंय. कक्षा पाहिल्या तर दोघांचं प्रतल, म्हणजे ते ज्या सपाटीत पृथ्वीभोवती फिरतात ती, वेगळं; एकमेकांना छेदताना सापेक्ष वेग सेकंदाला हजारो मीटर. समोरून येणाऱ्या एसटीत बसलेल्याच्या हातातला पेपर वाचायचा, अशातला प्रकार. उलट २०२० च्या फेरीत नासानं बियाणी पाठवली होती, किरणोत्साराचा परिणाम पाहायला. हे ऐकल्यावर आमचे एक काका लगेच म्हणाले, "म्हणजे कपाशीचं वाण असन!" तेही नाही, काका.

दुसरी चूक ठिपका ओळखण्यातली. लुकलुकतो, लाल-हिरवा दिसतो, तर ते विमान. एकामागे एक रांग असेल तर बहुधा स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह. सेकंदभरात संपला तर उल्का. मिनिटभर संथ जळत, तुकडे होत गेला तर रॉकेट-उपग्रहांची मोडतोड. आणि चालता चालता मध्येच विझला, तर "कॅमेरा बंद केला" म्हणू नका. तो पृथ्वीच्या सावलीत शिरला. म्हणूनच उपग्रह बहुतेक सूर्यास्तानंतर किंवा पहाटे तास-दोन तासच दिसतात.

दिसल्यास वेळ मिनिटापर्यंत लिहा, दिशा लिहा, जवळचा तारा लिहा. व्हॉट्सॲपवर "आत्ताच गेला" लिहिलेलं कुणाच्या कामाचं नाही.

शिवारात काही पडलेलं सापडलं तर मात्र हात लावू नका, भंगारवाल्याला तर बिलकूल देऊ नका. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोरांना दूर ठेवा, दुरून फोटो काढा आणि पोलीस पाटलांना सांगा. लाडबोरीचं कडंही पोलीस ठाण्यातच गेलं.