गवंडीकामाचा कोर्स झाला, साईट बघितली नाही… मग पहिलं काम कसं मिळवायचं?

आयटीआयचा गवंडी ट्रेड करून मी पहिल्यांदा पुण्यात वारज्याच्या मजूर नाक्यावर उभा राहिलो तेव्हा सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. मुकादमानं पिशवीकडं बघितलंच नाही, माझे हात बघितले, मऊ होते, आणि शेजारच्याला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी बिगारी म्हणून गेलो, विटा वाहिल्या. त्यामुळं खालचं सगळं अंगावर बेतलेलं आहे, ज्यांचा कोर्स नुकताच संपलाय त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी: घरामागं एक कोपरा बांधा

हसू नका. १०० जुन्या विटा गोळा करा, कुठं घर पाडत असतील तिथं मिळतात. सिमेंट नको, मातीचा चिखल कालवा, म्हणजे भिंत पाडून त्याच विटा परत वापरता येतात. ४ इंची भिंतीचा एक कोपरा काढायचा, दोन्ही बाजूला ३-३ फूट, १०० विटांत तो तीन फुटांच्या वर जातो. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का बघायला एका बाजूला दीड फुटावर खूण, दुसऱ्या बाजूला २ फुटांवर, तिरपं माप अडीच फूट आलं पाहिजे. मग भिंत सरळ उभी चाललीय का बघायला दर दोन-तीन थरांनी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावायचा. पाडायचा, परत बांधायचा, असं पंधरा दिवस केलं की हाताला आपोआप कळायला लागतं थापीवर किती माल (कालवलेला गारा) घ्यायचा ते. सेंटरवर पाच पोरांत एक भिंत असते, तिथं हात बसत नाही, हे कोर्स देणारे सांगत नाहीत.

एक-दोन चांगले कोपरे झाले की ओळंबा लावलेला असतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सर्टिफिकेट कुणी बघत नाही पण फोटो बघतात.

स्वतःची हत्यारं

थापी, ओळंबा, गुण्या, दोरी, टेप, लेव्हल पट्टी, वीट तोडायला हातोडी. एवढं आपलं पाहिजे. दुसऱ्या मिस्त्रीची थापी मागणारा पोरगा पहिल्याच दिवशी डोक्यात जातो. आणि थापी अगदी कोरी चकचकीत घेऊन जाऊ नका राव, घरी वापरून थोडी घासलेली असू दे.

काम शोधायचं कुठं

नाका हा शेवटचा पर्याय समजा. वारजे, डांगे चौक असले नाके सकाळी सात-साडेसातला भरतात आणि तासा-दोन तासात रिकामे होतात. तिथं माणूस एका दिवसासाठी घेतात, त्यामुळं शिकाऊ कुणालाच नको असतो. तरी जायचंच असेल तर "मिस्त्री आहे" म्हणून थाप मारू नका, पहिल्या अर्ध्या तासात पकडले जाता आणि अर्ध्या हजेरीवर घरी पाठवतात.

खरं काम ओळखीतून मिळतं. आपल्या गावाचा, भावकीतला, मामाच्या गावचा कोणी ना कोणी मिस्त्री असतोच, त्याला गाठा आणि "काम द्या" असं न म्हणता "दादा, तुमच्या हाताखाली येतो, कोर्स झालाय, कोपरा तुम्ही काढा, मधली भिंत मी भरतो" असं म्हणा. ह्यात गोम आहे. भिंतीत अवघड काम दोन टोकांचं, कोपरे ओळंब्यात आणि लेव्हलला आले की मध्ये दोरी ताणून विटा भरायच्या असतात, ते काम नवा माणूस करू शकतो आणि मिस्त्रीचा वेळ वाचतो. म्हणजे तुम्ही त्याच्यावर ओझं नाही, उलट उपयोगाचे.

कुठल्या साईटवर जायचं हे पण बघा. मोठ्या टॉवरवर आता बऱ्याच ठिकाणी मायवान शटरिंग (ॲल्युमिनियमचे साचे) असतं, भिंतीच काँक्रीटच्या, वीटकाम नावालाच. बाकीच्या टॉवरमध्ये सिपोरेक्स म्हणजे हलके मोठे ब्लॉक, त्याची पद्धत वेगळी, पातळ थराचं चिकट मटेरियल लावायचं असतं. वीटकाम शिकायचं तर बंगला, रो-हाऊस, गावाकडची घरं. सुरुवातीला सगळ्यात भारी काम म्हणजे कंपाऊंड वॉल, लांबलचक सरळ भिंत, उंची कमी, परांची नाही, चूक झाली तर लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते. ड्रेनेजचे चेंबर, पाण्याच्या टाकीचा चौथरा, संडासाच्या भिंती, असली किरकोळ कामं जुने मिस्त्री टाळतात, ती मागून घ्या.

गावात असाल तर घरकुलाची कामं बघा. ग्रामपंचायतीत विचारलं की ह्या वर्षी कुणाला घरकुल मंजूर झालंय ते कळतं. पंतप्रधान आवास योजना ग्रामीणचं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे छोटंसं, आणि मालकाला स्वस्तात माणूस पाहिजे असतो. ह्याच योजनेत ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण पण आहे, त्यात खरं घर बांधता बांधताच शिकवतात, त्यामुळं ज्यांचा अजून कोर्स व्हायचाय त्यांनी आधी ह्याची चौकशी करावी.

आणि वेळ साधा. छठपूजेला आणि होळीला यूपी-बिहारचे कारागीर गावी जातात, साईटवर माणसं कमी पडतात, तेव्हा एरवी फोन न उचलणारा मुकादम स्वतः फोन करतो. पावसाळ्यात मात्र वीटभट्ट्या बंद आणि काम मंद, तेव्हा नाराज होऊ नका.

पहिला तास

मिस्त्री काही बोलत नाही, चहा पीत बघत असतो. काय बघतो ते सांगतो. विटा आधी भिजवल्या का, कारण कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. विटेवरच्या छापाचा खड्डा वरच्या बाजूला ठेवला का. उभ्या सांध्यात माल भरला का नुसता तोंडाला लावला. सांध्यावर सांधा येतोय का. वीट ठेवल्यावर दोन ठोक्यात दोरीला बसवली का दहा वेळा हलवली, आणि बाहेर आलेला माल थापीनं कापून परत वापरला का खाली पडू दिला. मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "४ इंचीला माल कितीचा?" एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. ९ इंचीला एकास सहा. एवढं पटकन सांगितलं तरी समोरच्याचा आवाज बदलतो.

स्पीडचं टेन्शन घेऊ नका. मुरलेला मिस्त्री जाड भिंतीत दिवसाला ५०० च्या आसपास विटा लावतो, तुमच्या निम्म्या झाल्या तरी चालतं, पण तिरकी भिंत पाडायला लावली तर सगळ्यांसमोर लाज जाते. माझी एकदा पाडायला लावलीय, सात थर.

पैशाचं आधीच बोला

बिगारी आणि मिस्त्री ह्यांच्या हजेरीच्या मधला रेट मागा आणि मुदत ठरवा, "दोन महिने असं, मग हात बघून वाढवा". मुदत ठरवली नाही तर दोन वर्षं घमेलीच उचलत बसाल, असे कितीतरी बघितलेत. उचल घेऊ नका, उचल घेतली की साईट सोडता येत नाही. उक्तं काम (सगळं काम एका ठरलेल्या रकमेत) पण पहिल्या वर्षी नको, अंदाज चुकतो आणि अंगावर येतं.

हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहा, तारीख, साईट, कुणाकडं. माझे एका ठेकेदारानं अकरा दिवस बुडवले कारण माझ्याकडं लिहिलेलं काहीच नव्हतं. ही वही दुसऱ्या कामाला पण येते, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराकडून किंवा गावात असाल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) घ्यायचा, वय १८ ते ६० पाहिजे. वही दाखवली की ठेकेदार सही करायला कुरकुर करत नाही. फॉर्म ऑनलाईन आहे, स्वतः भरा, नाहीतर एजंट लोक दोन-तीन हजार सांगतात.

आणि हो, रबरी हातमोजे घ्या. पहिल्या आठवड्यात सिमेंट बोटं खातं, भाकरी तोडताना चटणी लागली की डोळ्यात पाणी येतं. रात्री हात स्वच्छ धुवून खोबरेल तेल लावून झोपायचं.