पहिल्या अल्बमची तयारी : स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधी

मी एका स्वतंत्र रॉक बँडमध्ये बेस वाजवतो, आणि आमच्या अल्बमच्या रेकॉर्डिंगची जुळवाजुळवही माझ्याकडेच होती. पहिला अल्बम करायला निघालेल्या बँडना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो : गाण्यांबद्दलचे सगळे निर्णय रिहर्सलमध्ये संपवा. स्टुडिओत फक्त वाजवायला जा. तिथलं भाडं तासावर नाहीतर दिवसावर असतं, आणि कोरस दोनदा घ्यायचा की तीनदा यावर वाद सुरू झाला की पैशाआधी वाजवणाऱ्यांची उमेद संपते.

रिहर्सल फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐका. कुठला इंट्रो लांबलाय, कुठे बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांच्या पायात येतायत, हे वाजवताना कळत नाही. ऐकताना लगेच कळतं. गाण्याची लयही याच वेळी ठरवा. दोन-तीन बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) इकडेतिकडे झाले तरी गायकाला शब्द टाकायला जागा उरत नाही. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या एकसारख्या ठोक्यावर, वाजवायचं की नाही, हे गाण्यागणिक ठरवावं. कोरसला किंचित वेग वाढणं गाण्याला शोभत असेल, तर क्लिकमध्येच तेवढा वेग वाढवून ठेवता येतो. ड्रमरला मात्र आधीपासून क्लिकवर सराव हवाच.

सगळ्यात जास्त वेळ ड्रम्सना द्या. बाकी सगळं नंतर पुन्हा वाजवता येतं, पण ड्रम्स बदलायचे म्हटलं की त्यावर रचलेलं सगळंच हलतं. नवी हेड्स (ड्रमवरचे पडदे) एक-दोन दिवस आधी चढवा, म्हणजे ती ताणून स्थिर होतात, आणि गाण्यागाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग तपासत राहा. स्नेअरला वरून आणि खालून असे दोन माइक असतील तर खालच्याची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटवून ऐका. ज्या बाजूला आवाज भरदार लागेल ती ठेवा. ड्रमरसाठी खरी कसोटी झांजांची असते. स्टेजवर सिंबल जीव तोडून वाजवायची सवय असते, आणि स्टुडिओत तोच आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरतो. स्नेअर जोरात आणि सिंबल हलके, असा हात बसवायला काही आठवडे लागतात. पण मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, त्याची किंमत कळते.

ड्रम्स घेताना पूर्ण बँडने एकत्र वाजवावं, असं माझं ठाम मत आहे. गिटार आणि आवाज गाइड म्हणून घ्या, नंतर पुसा, पण ड्रमरला समोर माणसं दिसू द्या. एकट्या क्लिकवर घेतलेला टेक अचूक येतो आणि बऱ्याचदा निर्जीव असतो. बेसचा डीआय सिग्नल (ॲम्पशिवाय थेट घेतलेला) वेगळा जपून ठेवा. ॲम्पचा आवाज पुढे पटला नाही तर तोच सिग्नल दुसऱ्या ॲम्पमधून पुन्हा रेकॉर्ड करता येतो.

गिटारवाल्यांनी डिस्टॉर्शन स्टेजपेक्षा कमी ठेवावं. एकच भाग दोनदा वाजवून डावी-उजवीकडे पसरला की आवाजाची भिंत आपोआप उभी राहते; दोन्हींत गेन, म्हणजे डिस्टॉर्शन वाढवणारी मात्रा, जास्त असेल तर नुसता गोंगाट उरतो. तारा नव्या हव्यात, इंटोनेशन (सगळ्या पट्ट्यांवर सूर बरोबर लागणं) तपासलेलं हवं.

डिजिटल रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये होत असेल तर लेव्हल लाल रेषेपर्यंत नेण्याचं कारण नाही. पीक, म्हणजे आवाजाची सर्वांत वरची टोकं, उणे १० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहिले तरी पुरे.

गायन दिवसाच्या शेवटी ढकलू नका. गळा काही तासच उत्तम चालतो, म्हणून एका दिवसात थोडीच गाणी घ्या. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज कमी आला की गायक ओढून गातो, तेव्हा सुराबद्दल बोलण्याआधी त्याचा हेडफोन मिक्स बघा.

मिक्स ऐकताना प्रत्येकाला आपलंच वाद्य मोठं हवं असतं. आम्ही प्रत्येकाच्या सूचना लिहून घेऊन एकाच माणसाकरवी इंजिनिअरला कळवल्या, आणि ती पद्धत मी सगळ्यांना सुचवतो. मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या कामात, अतोनात मोठा आवाज मागू नका : स्पॉटिफाय एरवी सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे चेपलेलं गाणं तिथे मोठं न वाटता सपाट वाटतं. व्हिनाइल काढायचा विचार असेल तर गाण्यांचा क्रम आधीच त्या हिशेबाने लावा. १२ इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण २० मिनिटं चांगली बसतात, आणि आतल्या खाचांमध्ये वरचे सूर मंदावतात, म्हणून झांजांनी भरलेलं गाणं बाजूच्या शेवटी नको.

पैशांचं बोलणं पहिल्या टेकआधी व्हावं. अमेरिकन इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी ठरलेलं मानधन घेत आणि रॉयल्टी नाकारत. दुसरे निर्माते वाटा मागतात. दोन्ही रीती चालतात, फक्त लिहून घ्या. गाण्याच्या रचनेचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे, तेव्हा बँडमध्ये कोणाचा किती हिस्सा हेही कागदावर आणा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक लागतो, आणि त्याच गाण्याच्या रीमिक्सला वेगळा. शिवाय स्टुडिओ सोडताना मिक्सबरोबर सुटे ट्रॅकही मागून घ्या आणि दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.