इंग्रजीत दुखणं सांगताना 'व्हेरी' कुठे लावायचं?

'व्हेरी एक्सक्रूशिएटिंग पेन' असं आपण सहज लिहून जातो, आणि तिथेच चुकतं. एक्सक्रूशिएटिंग, ॲगनायझिंग, अनबेअरेबल म्हणजे असह्य दुखणारं; या शब्दांत 'अतिशय' आधीच आलेलं असतं. जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली' लावा. 'व्हेरी' चालतं ते पेनफुल, सोअर (दुखरं), अनकम्फर्टेबल यांना.

याहून गमतीची चूक म्हणजे 'आय ॲम पेनफुल'. ऐकणाऱ्याला वाटेल, मीच त्रासदायक आहे! पेनफुल असतो तो गुडघा. माणूस 'इन पेन' असतो.

डॉक्टरांना दुखण्याची जातही सांगा : ठणकतंय तर थ्रॉबिंग, जळजळतंय तर बर्निंग. मात्र साध्या डोकेदुखीला एक्सक्रूशिएटिंग म्हणू नका; ते ऐकून डॉक्टर भलत्याच तपासण्या लिहून देतील.