जेंटूवर क्लँग आणताय? आधी परतीची फाईल

बॅकअप, डिस्कवरची जागा, चार्जर: हे तुम्हाला ठाऊक आहे, पुढे चला.

जेंटू म्हणजे पॅकेजं सोर्समधून बांधणारं लिनक्स. त्याचा नेहमीचा कंपायलर जीसीसी, आणि क्लँग हा एलएलव्हीएम प्रकल्पाचा. मेक-कॉन्फला (बांधणीच्या मुख्य सेटिंग्जची फाईल) हात लावायच्या आधी परतीची फाईल लिहा. काही पॅकेजं क्लँगला दाद देत नाहीत. त्यांना जीसीसीकडे धाडायला पोर्टेजच्या (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) एन्व्ह फोल्डरमध्ये एक फाईल लागते आणि पॅकेज-एन्व्हमध्ये पॅकेजच्या नावापुढे त्या फाईलचं नाव. इतपत मलाही माहीत होतं. मागच्या वेळी मी दोनच ओळी लिहिल्या, सीसीला (सी कंपायलर) जीसीसी आणि सीएक्सएक्सला (सी-प्लस-प्लस कंपायलर) जी-प्लस-प्लस, आणि चहा टाकायला उठलो. येऊन बघतो तर पहिलंच पॅकेज कॉन्फिगरमध्ये आडवं: 'सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स'. जीसीसीच बिघडला म्हणून तो नव्याने बसवायला निघालो होतो! शेवटी कॉन्फिग-लॉग उघडला. मेक-कॉन्फमधला थिन एलटीओचा (लिंकिंगच्या वेळी कोड सुधारायची क्लँगची पद्धत) फ्लॅग तसाच खाली उतरला होता, आणि ती भाषा जीसीसीला येत नाही.

तेव्हा परतीच्या फाईलमध्ये सीफ्लॅग्ज, सीएक्सएक्सफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्ज (कंपायलर आणि लिंकरला द्यायचे पर्याय) पुन्हा लिहा. तिन्ही. नुसतं कॉमन-फ्लॅग्ज बदलून भागत नाही, कारण मेक-कॉन्फ वाचतानाच त्यातला मजकूर सीफ्लॅग्जमध्ये भरला गेलेला असतो. (हो, हेही करून बसलोय.) एआर, एनएम, रॅनलिब (आर्काइव्ह आणि सिंबॉल हाताळणारी हत्यारं) यांनाही जीसीसी-एआर, जीसीसी-एनएम, जीसीसी-रॅनलिब द्या. जीसीसीचा एलटीओ चालू आणि एआर मात्र एलएलव्हीएमचा राहिला, तर आर्काइव्ह बिनबोभाट बनतं, पण सिंबॉल सूचीत येत नाहीत. मग लिंकिंगला 'अनडिफाइंड रेफरन्स'ची रांग लागते आणि तुम्ही भलत्याच पॅकेजला शिव्या घालता.

फाईल झाली की एखादं चिमुकलं पॅकेज तिच्यातून वनशॉट (कायमच्या यादीत न टाकता) बांधा आणि बिल्ड-लॉगमध्ये जीसीसी दिसतोय का, सोबत कुठले फ्लॅग आहेत, ते डोळ्यांनी बघा. मगच मेक-कॉन्फ बदला. लगेच अख्खं वर्ल्ड (बसवलेली सगळी पॅकेजं) बांधायला घेऊ नका.

लिब-सी-प्लस-प्लसचा (एलएलव्हीएमची सी-प्लस-प्लस लायब्ररी) मोह चालू सिस्टीमवर नको. जीसीसीच्या लिब-एसटीडी-सी-प्लस-प्लसशी त्याचं एबीआय (बांधलेल्या कोडचं आपसातलं जुळणं) जुळत नाही. क्यूटी (ॲपच्या खिडक्यांची लायब्ररी) एकीकडे आणि त्यावरचं ॲप दुसरीकडे, अशी गत होते. हवंच असेल तर एलएलव्हीएम प्रोफाइल घेऊन कोरं इन्स्टॉल करा.

एलएलव्हीएमची मोठी आवृत्ती साधारण 6 महिन्यांनी येते आणि स्लॉट (एकाच पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या) शेजारी शेजारी नांदतात. डेपक्लीनची (नको असलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) यादी वाचल्याशिवाय 'यस' म्हणू नका. फायरफॉक्स क्लँगच्या एलटीओने बांधायचा तर रस्ट आणि क्लँग एकाच एलएलव्हीएमवरचे हवेत. कर्नल क्लँगने केलात तर बाहेरचे मॉड्यूलही क्लँगनेच. जीसीसी काढू नका.

आणि परतीच्या फाईलमध्ये एफफ्लॅग्ज, एफसीफ्लॅग्ज (फॉरट्रान कंपायलरचे पर्याय) लिहिलेत का? जीफॉरट्रानही जीसीसीचाच. जा, उघडा ती फाईल.