फिरत्या डिस्कवर डीएम-क्रिप्टची रांग मोडू नका

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचा हिशेब एन्क्रिप्टेड लिनक्स सर्व्हरवर असेल, तर वेगाचे पर्याय सरसकट चालू करू नका. आधी डिस्क कुठली ते बघा: फिरती हार्ड डिस्क, की एनव्हीएमई म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क.

लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, डिस्क एन्क्रिप्ट करणारा भाग म्हणजे डीएम-क्रिप्ट. कर्नल ४.० पासून तो एन्क्रिप्शनचं काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअर्सवर वाटतो. त्यामुळे आधी आलेली वाचण्या-लिहिण्याची विनंती मागून पूर्ण होऊ शकते. डेटा बिघडत नाही, कारण प्रत्येक विनंती आपला सेक्टर क्रमांक, म्हणजे डिस्कवरच्या जागेचा क्रमांक, सोबत नेते आणि आयव्ही (एन्क्रिप्शनची सुरुवातीची किंमत) त्यावरूनच निघतो. बिघडतो तो क्रम. म्हणून लिहिण्याचा वेगळा थ्रेड (स्वतंत्र चालणारं काम) विनंत्या सेक्टरनुसार लावून मगच डिस्ककडे सोडतो. ‘सबमिट फ्रॉम क्रिप्ट सीपीयूज’ हा वेगाचा पर्याय दिला की हा थ्रेड बंद. फिरत्या डिस्कचं हेड मग इकडून तिकडे धावतं आणि बॅकअप रेंगाळतो. तिथे मूळ सेटिंगच बरं.

एनव्हीएमई असेल तर ५.९ किंवा पुढच्या कर्नलवर ‘नो रीड वर्कक्यू’ आणि ‘नो राइट वर्कक्यू’ हे वाचता-लिहिताना कामाची रांग टाळणारे पर्याय जरूर करून बघा. एन्क्रिप्टेड डिस्क सांभाळणाऱ्या क्रिप्टसेटअप या साधनाच्या ‘रिफ्रेश’ आज्ञेने ते चालू डिस्कवरही लागतात. कायम ठेवायला ‘पर्सिस्टंट’ जोडा, पण ते फक्त लक्स२ या एन्क्रिप्शनच्या फॉरमॅटवर चालतं. वीज गेल्यावर नोंदी टिकायला हव्यात तर भरवसा क्रमावर नको, डेटाबेसचं एफसिंक, म्हणजे नोंद डिस्कवर पोचल्याची खात्री करणारी सोय, चालू ठेवा.